किन्शासाची चित्रं एवढी भडक का, आणि त्यांच्यावर एवढं लिहिलेलं का असतं?

प्रश्न: पॅरिसला मुलीकडे गेलो असताना एका प्रदर्शनात काँगोमधल्या चित्रकारांची मोठमोठी चित्रं पाहिली. बार, बाजार, मिरवणुका, सुटाबुटातले तरुण. रंग झगझगीत, माणसं सिनेमाच्या बॅनरवरच्यासारखी, आणि चित्रातच फ्रेंचमध्ये लांबलचक मजकूर. मजा आली. पण एक गृहस्थ 'ही भोळी कला आहे' म्हणाले ते पटलं नाही. असली चित्रं बघायची कशी? आणि एखादं घ्यावंसं वाटलं तर काय तपासायचं?

उत्तर: मी उपयोजित कला शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं कोल्हापुरात पाट्या आणि बॅनर रंगवून पोट भरलं आहे, त्यामुळे या चित्रांकडे आधी कारागिराच्या नजरेने बघतो. त्या गृहस्थांचं म्हणणं तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. पाटी रंगवणारा डोकं मोठं काढतो ते प्रमाण कळत नाही म्हणून नव्हे. रस्त्यापलीकडून चेहरा ओळखू यावा लागतो. पार्श्वभूमी सपाट ठेवतो, कारण अक्षरं त्यावर उठली पाहिजेत. काँगोची राजधानी किन्शासाच्या या चित्रकारांपैकी बरेच जण दुकानांच्या पाट्या, जाहिराती आणि बारच्या भिंती रंगवून तयार झाले. त्यांचा रंग, त्यांची बाह्यरेषा, त्यांचा ठसठशीत चेहरा हे सगळं त्या कामातून आलेलं आहे आणि ते पुरेपूर जाणूनबुजून वापरलेलं आहे.

तुम्ही पाहिलेली मजकुराची चित्रं बहुधा शेरी सांबाची, नाहीतर त्याच्या वळणाने जाणाऱ्या कुणाची तरी असणार. सांबाचा जन्म १९५६चा, किंतो-म्वुइला नावाच्या गावातला. १९७२ मध्ये शाळा सोडून तो किन्शासाला आला, पाट्या रंगवणाऱ्यांकडे काम धरलं, 'बिलेंगे इन्फो' नावाच्या मासिकासाठी चित्रकथा काढल्या आणि १९७५ मध्ये कासा-वुबू मार्गावर स्वतःचं दुकान थाटलं. स्टुडिओ म्हणा हवं तर, पण होतं ते रस्त्याला लागून असलेलं दुकानच. तयार चित्रं तो बाहेर टांगायचा. लोक जाता जाता नजर टाकत आणि पुढे निघून जात. हे बघून त्याने चित्रातच मजकूर लिहायला घेतला. वाचायचं तर थांबावंच लागतं! ही युक्ती त्याने स्वतःच सांगितली आहे आणि तिला स्वतःचं नावही देऊन टाकलं आहे, आपण 'सांबा छाप' म्हणू. मजकूर फ्रेंचमध्ये, लिंगालात, कधी किकोंगोत. चित्रकथेतल्या फुग्यांमधून पात्रं बोलतात, आणि वर कोपऱ्यात स्वतः सांबा भाष्य करतो.

माझ्या मते या सगळ्या चित्रांची किल्ली इथेच आहे. ही बोलणारी चित्रं आहेत. त्यामुळे समोर उभं राहिल्यावर पहिला प्रश्न 'यात काय दाखवलंय' हा विचारू नका, 'हे कुणाशी बोलतंय' हा विचारा. त्याचं उत्तर चित्रागणिक बदलतं आणि कुठल्या वर्षी काढलंय त्यावर तर फारच बदलतं.

सुरुवातीचं गिऱ्हाईक शेजारपाजारचं होतं. कारकून, शिक्षक, छोटे दुकानदार, बारमालक. घराच्या बैठकीत टांगायला एखादं चित्र हवं, एवढीच त्यांची गरज. कॅनव्हास परवडत नसे, मग पिठाच्या पोत्याचं कापड लाकडी चौकटीवर ताणून त्यावर जो मिळेल तो रंग. त्या काळचं एखादं चित्र जवळून बघायला मिळालं तर कडेने बघा. विणीची भोकं दिसतात, अस्तर पातळ असल्याने रंग कापडात मुरलेला असतो, आणि काळा रंग जिथे जाड लागलाय तिथे बारीक तडे गेलेले असतात. घाईने, विकण्यासाठी, उद्याच्या जेवणासाठी केलेलं काम ते. त्यात कमीपणा काही नाही. आमच्याही कामात 'संध्याकाळपर्यंत पाहिजे' याने जो हात तयार होतो तो वर्गात बसून होत नाही.

सांबाच्या आधीचा आणि माझ्या लेखी त्याच्याहून मोठा रंगकर्मी म्हणजे मोके (१९५०–२००१). लहानपणी किन्शासात आला, पुठ्ठ्यावर निसर्गदृश्यं काढून विकू लागला, कुठल्याही शाळेत चित्रकला शिकला नाही. पुढे तो शहराचा वार्ताहरच झाला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांची ती गाजलेली मुष्टियुद्धाची लढत झाली, तीही मोकेने त्याच वर्षी रंगवली. पण त्याची खरी जागा म्हणजे मातोंगे वस्तीतले बार. 'स्कोल प्रिमुस' नावाचं त्याचं १९९१चं चित्र आहे. स्कोल आणि प्रिमुस या तिथल्या दोन एकमेकींशी टक्कर घेणाऱ्या बिअर. मोकेच्या बारच्या चित्रांत रिकामी जमीन शोधून सापडत नाही. माणसाला माणूस खेटलेला, बाईच्या अंगावरच्या कापडाची नक्षी पार शेजाऱ्याच्या बाहीपर्यंत आलेली, डोळे मोठे, ओठ रंगवलेले, टेबलावर बाटल्या. खोली दाखवणारी रेघ नावालाच. मागची माणसं लहान काढायची हा नियम त्याने जिथे सोयीचा तिथे पाळला, नाही तिथे सोडून दिला. का? कारण बारमध्ये बसलेल्या माणसाला मागचं टेबल दूर वाटत नाही. तिथलं हसू, तिथलं भांडण तितकंच जवळ असतं. समाजजीवन दाखवायचं म्हणून लोकांना हातात हात घालून उभं करणारी चित्रं आपण पुष्कळ बघतो. मोकेकडे तसलं काही नाही. त्याच्याकडे दाटीवाटी आहे, आणि दाटीवाटीत होतं ते सगळं आहे.

आता 'भोळी' या शिक्क्याबद्दल आणखी एक. किन्शासात ललित कला अकादमी होती, आजही आहे, आणि तिथल्या बऱ्याच लोकांना हे रस्त्यावरचे चित्रकार खपत नव्हते. १९७८ मध्ये किन्शासात 'कला सर्वत्र' अशा अर्थाच्या नावाचं प्रदर्शन झालं, त्यात सांबा, मोके, बोडो ही मंडळी शहरभरच्या प्रतिष्ठितांसमोर एकत्र आली. आपल्या कामाला ते 'लोकचित्रकला' म्हणू लागले. लोकांमधून आलेली, लोकांना उद्देशून केलेली, एवढाच त्याचा अर्थ. आणि सगळेच अशिक्षित होते असंही नाही. शेरी शेरँ हा त्यांच्यातला मोठा चित्रकार अकादमीत शिकलेला आहे. पुढच्या पिढीचा जे. पी. मिका अकादमीतही शिकला आणि शेरँच्या हाताखालीही. मिकाची हसरी, नटलेली माणसं फुलाफुलांच्या छापील कापडासमोर उभी असतात, जुन्या फोटो स्टुडिओत पडद्यापुढे उभी राहत तशी. ही निवड आहे, अजाणतेपण नव्हे.

सुटाबुटातल्या तरुणांचं विचारलंत. ते 'सापूर'. उंची कपडे, रंगसंगतीचे काटेकोर नियम, चालण्याची खास ढब, आणि खिशात बहुतेक वेळा काही नाही. १९७१ मध्ये हुकूमशहा मोबुटूने देशाचं नाव झाईर केलं, पुढे लोकांना युरोपीय नावं टाकायला लावली आणि पुरुषांच्या कोट-टायवर बंदी आणून 'अबाकोस्त' नावाचा बंद गळ्याचा पोशाख लादला. या नावाची फोड फ्रेंचमध्ये 'सूट मुर्दाबाद' अशी होते. अशा काळात पॅरिसचा सूट घालून रस्त्यावर निघणं म्हणजे सरकारला वाकुल्या दाखवणंच. गायक पापा वेम्बाने या शौकाला किन्शासात जे वजन मिळवून दिलं ते दुसऱ्या कुणी दिलं नाही. पिएर बोडोने (१९५३–२०१५) सापूर भरपूर रंगवले. तो पुढे धर्मोपदेशक झाला, तरी त्याच्या हातून हे छानछोकीवाले सुटले नाहीत. नंतरच्या चित्रांत तर ते स्वप्नातल्यासारखे होत जातात, माणसाला प्राण्याचं शरीर, बुटाला चेहरा. मला ती आवडतात, पण शहर त्यांतून निघून जातं हेही खरं.

किन्शासा सोडून दक्षिणेला, खाणींच्या लुबुम्बाशी शहरात या. तिथला प्रकार माझ्या दृष्टीने सगळ्यात विलक्षण. १९६० आणि ७०च्या दशकांत तिथल्या घरोघरच्या बैठकीत 'बेल्जियन वसाहत' या नावाचं चित्र असायचं. एकच विषय, अनेक हात. तुरुंगाचं आवार, पालथा पाडलेला कैदी, त्याच्यावर चाबूक ओढणारा काळा शिपाई, आणि बाजूला उभा राहून बघणारा गोरा अधिकारी. पाहुणे बसतात त्या खोलीत फटक्यांचं चित्र कोण लावतं? पण लावत होते. पाहुणा आला की नजर तिकडे जायची, मग घरातला वडीलधारा माणूस सुरू व्हायचा: आमच्या वेळी असं होतं, अमक्याला असंच मारलं होतं. आणि गोऱ्यांचं राज्य जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावरही चाबूक चालवणारा हात काळाच आहे, हे मोबुटूच्या राज्यात तोंडाने म्हणायची सोय नव्हती. भिंतीवरचं चित्र ते म्हणायचं.

त्याच शहरातला त्शिबुम्बा कांडा मातुलू स्वतःला इतिहासकार म्हणवून घ्यायचा. दारोदार चित्रं विकत फिरणारा माणूस. १९७३-७४ मध्ये तिथे शिकवणाऱ्या योहानेस फाबियान या मानववंशशास्त्रज्ञाशी त्याची गाठ पडली. फाबियानने घेतो म्हटल्यावर त्याने आपल्या देशाचा सगळा इतिहास रंगवून काढला. एकशे एक चित्रं, आणि प्रत्येकाबरोबर तोंडी निवेदन, जे टेपवर घेतलं गेलं. स्वतंत्र काँगोचा पहिला पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा याची १७ जानेवारी १९६१ रोजी हत्या झाली, बरोबर एम्पोलो आणि ओकितो हे दोन साथीदार होते. त्शिबुम्बाने त्या तिघांचे मृतदेह रंगवले आणि मागे क्षितिजावर तीन क्रूस उभे केले. ख्रिस्ताबरोबरही दोघे होते, हे तिथल्या कुणालाही वेगळं समजावून सांगावं लागत नव्हतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीनंतर या माणसाचा कुणालाच पत्ता लागला नाही. चित्रं आम्सटरडॅमच्या संग्रहालयात आहेत.

लुबुम्बाशीच्याच बैठकींत दुसरं एक चित्र असायचं, जलपरीचं. तिकडे तिला 'मांबा मुंटू' म्हणतात. पैसाअडका देते, पण गुपित फोडलंत की गेलात. तिच्या पश्चिम आफ्रिकेतल्या बहिणीचं, मामी वाटाचं, रूप एका जर्मन छापील चित्रावरून पसरलं. १८८०च्या दशकात हाम्बुर्गला छापलेलं, गळ्यात साप घेतलेल्या गारुडी बाईचं चित्र. त्याच्या प्रती संपल्या तेव्हा घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांनी पुन्हा छापून घेतलं ते आपल्या मुंबईत, श्री राम कॅलेंडर कंपनीकडून, १९५५ मध्ये. बारा हजार प्रती गेल्या. आणि टोगो-बेनिनकडच्या मामी वाटाच्या देवघरांत आपल्याकडच्या कॅलेंडरातला दत्त आहे. तीन मुखं बघून त्यांनी त्याला आपला जलदेव देन्सू मानलं. विषयाला सोडून आहे, पण गाणगापूर-नरसोबाची वाडी करणाऱ्या वाचकांना सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

आता गिऱ्हाईक बदलल्याची गोष्ट. १९८९ मध्ये पॅरिसला 'पृथ्वीचे जादूगार' अशा अर्थाचं एक अवाढव्य प्रदर्शन भरलं, आधुनिक कलेच्या पॉम्पिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या मोठ्या शेडमध्ये. झाँ-उबेर मार्तँ यांनी शंभरावर कलावंत बोलावले, निम्मे पश्चिमेचे, निम्मे उरलेल्या जगाचे. शेरी सांबा तिथे होता. डहाणूचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेही त्याच प्रदर्शनात होते. या प्रदर्शनावर टीका खूप झाली, 'जादूगार' म्हणून बोलावलं म्हणजे बुद्धीचं काम आमचं आणि मंत्रतंत्र तुमचं, असा अर्थ निघतोच. मला ती टीका रास्त वाटते. पण त्या दाराने सांबा जगात गेला हेही नाकारता येत नाही. पुढे संग्राहक झाँ पिगोझी आणि त्याचा सल्लागार आंद्रे मान्यँ यांनी या चित्रकारांची कामं मोठ्या प्रमाणावर घेतली.

इकडे किन्शासात १९९१ आणि १९९३ मध्ये सैनिकांनी सुरू केलेली लूटमार झाली, चलन कोसळलं, बैठकीत चित्र लावणारा कारकून स्वतःच रस्त्यावर आला. गिऱ्हाईक उरलं ते परदेशी. चित्रांत याचा परिणाम दिसतो. आकार वाढतो, कारण आता भिंत संग्रहालयाची. पोत्याच्या जागी कॅनव्हास, तेलरंगाच्या जागी ॲक्रिलिक आणि चमकी. लिंगाला कमी होते, फ्रेंच वाढते. विषयही 'शेजारच्या बाईची भानगड' सोडून 'जगाचं कसं व्हायचं' याकडे वळतात. सांबाचा चेहरा तर जवळपास प्रत्येक चित्रात येऊ लागतो.

काही समीक्षक म्हणतात, इथेच ती कला मेली. मला ते मान्य नाही, कारण सांबाने या बदलावरच चित्र काढलंय. १९९७चं, तीन भागांचं: 'आपल्या कलेला काय भविष्य?' त्यात तो पिकासोच्या शेजारी आहे, आफ्रिकन मुखवटे आहेत, शेवटी पॉम्पिदू केंद्र आहे, आणि मजकुरात तो सरळ विचारतो की आधुनिक कलेचं संग्रहालय वंशभेदी तर नाही? मुखवट्यांवरून पिकासो मोठा झाला, मुखवटा घडवणाऱ्याचं नाव कुठे आहे? पाटीवाल्याचाच बाणा हा. ज्याच्या दुकानासमोर टांगायचं, त्यालाच चित्रातून विचारायचं. गिऱ्हाईक बदललं तसं त्याने बोलण्याचं तोंडही त्या बाजूला वळवलं.

किंगेलेझचा उल्लेख न करता पुढे गेलो तर अन्याय होईल. बोडिस इसेक किंगेलेझ (१९४८–२०१५) चित्रकार नव्हे, कागद, पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, थंड पेयांचे डबे यांतून शहरं बांधणारा. सुरुवातीला किन्शासाच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेत वस्तूंची डागडुजी करायचा. १९८९च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तोही होता. १९९६चं त्याचं 'भुताचं शहर' म्हणजे उत्सवी बुरूज, पूल, रस्ते, आणि तिथे पोलीस लागत नाहीत असं त्याचं म्हणणं. किन्शासातले खड्डे आणि तुंबलेली गटारं ओलांडून घरी येणाऱ्या माणसाने हे शहर बांधलंय हे लक्षात ठेवून बघा, म्हणजे ते खेळणं वाटणार नाही. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्याचं मोठं प्रदर्शन केलं.

बाकी आफ्रिकेतली शहरं याच मापाने मोजू नका. बामाकोच्या मालिक सिदिबेने साठच्या दशकातली तरुणाई कॅमेऱ्याने टिपली, आबिजानचा आबुदिया भिंतींवरच्या पोरांच्या रेघोट्यांतून यादवीचं शहर काढतो, नैरोबीत जन्मलेला मायकेल आर्मिटेज झाडाच्या सालीच्या कापडावर रंगवतो. प्रत्येकाचा रस्ता निराळा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

विकत घेण्याबद्दल. मोके, बोडो यांचं काम घेणार असाल तर ते हयात नाहीत, म्हणून आधीच्या मालकांची साखळी कागदावर मागा. नुसत्या सहीवर विसंबू नका. पाटीवाल्याची सही दुसऱ्या पाटीवाल्याला सहज जमते. एकाच चित्राच्या दोन-तीन आवृत्त्या दिसल्या तर मात्र लगेच खोटं समजू नका. मागणीप्रमाणे तोच विषय पुन्हा काढणं ही इथली रीतच आहे, आणि सांबाच्या 'मला रंग आवडतो' या प्रसिद्ध चित्राच्याही वेगवेगळ्या वर्षांच्या आवृत्त्या आहेत. चित्रावरचं वर्ष आणि पावतीवरचं वर्ष जुळतंय ना ते पाहा. मला विचाराल तर मोठ्या नावामागे न लागता आज किन्शासात काम करणाऱ्या तरुण चित्रकाराचं घ्या, आणि पैसे त्याच्यापर्यंत पोचतायत याची खात्री करून घ्या. मजकूर वाचून घेतल्याशिवाय तर घेऊच नका. फ्रेंच येत नसेल तर मुलीकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, लिंगालातला भाग विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता आलं नाही तर त्यानेही ते चित्र नुसतं रंगावरच विकायला ठेवलंय.

आपल्याकडच्या दमट हवेत जपायचं तर पिठाच्या पोत्यावरचं जुनं काम चौकटीवरून काढून पुन्हा ताणायला देऊ नका, कापड कडेला फाटतं. मागे पातळ फळी लावा, पण चित्र आणि फळी यांत बोटभर हवा राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. चमकी लावलेल्या चित्रावर ओलं फडकं फिरवू नका. मऊ, कोरड्या ब्रशने वरून खाली धूळ झाडली की पुरे.